फ्रेडी मर्क्युरी : स्मृतीवर हक्क कोणाचा?

२४ नोव्हेंबर १९९१ च्या संध्याकाळी लंडनच्या केन्सिंग्टन भागातील आपल्या राहत्या घरी फ्रेडी मर्क्युरी याचे निधन झाले. त्याचे वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. आदल्याच दिवशी त्याच्या वतीने एक छोटे निवेदन वृत्तपत्रांना देण्यात आले होते. आपल्याला एड्स झाला आहे, भोवतालच्या माणसांचे खाजगी जीवन सुरक्षित राहावे म्हणून ही गोष्ट आपण आजवर उघड केली नव्हती, परंतु आता मित्रांना व चाहत्यांना सत्य कळण्याची वेळ आली आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. जगाला सत्य कळले आणि जेमतेम चोवीस तासांत ते सांगणारा माणूस नाहीसा झाला. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा हा गायक वीस वर्षे लाखो श्रोत्यांसमोर गात होता. त्याची गाणी त्या लाखोंना तोंडपाठ होती. तो कोण, कोठला, कोणाचा, याविषयी मात्र त्यांतील बहुतेकांना फारच थोडे ठाऊक होते.

लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूनंतर समाजाचे वर्तन बहुधा ठराविक साच्याचे असते. पहिले काही दिवस शोक, मग आठवणींचा पूर, पुढे पुतळा किंवा रस्त्याला नाव, आणि नंतर वर्षातून एकदा पुण्यतिथी. हयातीत ज्या गोष्टींवरून त्याला बोल लावलेला असतो, त्या मृत्यूनंतर सोयीस्करपणे गाळल्या जातात आणि गुणांना उधाण येते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण मराठी माणसाने उगाच केलेली नाही. मर्क्युरीच्या बाबतीत मात्र थोडे निराळे घडले. त्याने स्वतः जे झाकून ठेवले, अथवा ज्याविषयी बोलणे टाळले, ते त्याच्या पश्चात एकेक करून लोकांसमोर आले. त्याचे जन्मनाव, जन्मस्थान, धर्म, शाळा, त्याचे प्रेम आणि त्याचा आजार, या साऱ्यांची ओळख सामान्य चाहत्याला बव्हंशी त्याच्या मृत्यूनंतरच्या तीन दशकांत झाली. ज्याने मौन पाळले त्याची आठवण कशी ठेवावी आणि त्या आठवणीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. त्या प्रश्नाचे एक टोक सातारा जिल्ह्यातील पाचगणीपर्यंत येऊन पोहोचते, म्हणून मराठी वाचकालाही तो परका नाही.

रोखपालाचा मुलगा

मर्क्युरीचे मूळ नाव फरोख बुलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार बेटावर झाला. आईवडील पारशी होते आणि घराण्याचे आडनाव गुजरातेतील बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून आलेले होते. वडील बोमी बुलसारा हे ब्रिटिश वसाहत सरकारच्या नोकरीत, तेथील उच्च न्यायालयात रोखपाल होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या काळी हिंदुस्थानातून गेलेल्या व्यापाऱ्यांची, कारकुनांची आणि कारागिरांची मोठी वस्ती होती. नोकरी आफ्रिकेत करावी आणि मुलांच्या शिक्षणासाठी हिंदुस्थानाकडे पाहावे, असा विचार त्यांतील अनेक घरांत होई. फरोखलाही वयाच्या आठव्या वर्षी समुद्रापार मुंबईला, आणि तेथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठविण्यात आले.

या शाळेत त्याने सुमारे आठ वर्षे काढली. त्याला फ्रेडी हे नाव येथेच मिळाले. पियानोचे रीतसर शिक्षणही येथेच मिळाले. रेडिओवर कानावर पडलेली धून तो थोड्याच वेळात पियानोवर उतरवीत असे, असे त्याचे सहाध्यायी सांगत आले आहेत. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा एक बँड काढला आणि शाळेच्या समारंभांतून इंग्रजी पॉप गाणी वाजविण्यास सुरुवात केली. त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानोवर बसे. तोंडात चार दात अधिक असल्यामुळे त्याचे पुढचे दात बाहेर आलेले होते आणि त्यावरून मुले त्याला ‘बकी’ म्हणून चिडवीत. पुढे पैसा आणि कीर्ती दोन्ही मिळूनही त्याने ते दात दुरुस्त करून घेतले नाहीत. तोंडाची ठेवण बदलली तर आवाजही बदलेल, अशी भीती त्याला वाटत होती. बोलताना वा हसताना वरचा ओठ दातांवर ओढून घेण्याची त्याची सवय जगाने छायाचित्रांतून पाहिली. तिची मुळे शाळकरी चेष्टेपर्यंत गेलेली असावीत.

१९६३ साली तो झांजिबारला परतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते बेट स्वतंत्र झाले आणि महिनाभरातच, १२ जानेवारी १९६४ रोजी, तेथे रक्तरंजित क्रांती झाली. अरब आणि हिंदी वंशाच्या लोकांवर संकट कोसळले. बुलसारा कुटुंबाने हाती लागेल ते घेऊन इंग्लंड गाठले आणि लंडनच्या पश्चिमेस, विमानतळाजवळच्या फेल्टम या साध्या वस्तीत संसार थाटला. झांजिबारला ज्या घरात नोकरचाकर होते, त्या घरातील मुलाने हीथ्रो विमानतळावर सामान वाहण्याचे कामही केले. ईलिंगच्या कलाविद्यालयातून त्याने १९६९ साली ग्राफिक कलेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि मित्राबरोबर केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकण्याचा गाळा चालविला. तो मित्र म्हणजे पुढे ‘क्वीन’चा ड्रमवादक म्हणून प्रसिद्धीस आलेला रॉजर टेलर. गिटारवादक ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. १९७० साली हे तिघे एकत्र आले आणि पुढच्या वर्षी जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला.

बदललेले नाव

याच सुमारास फरोख बुलसारा याचा फ्रेडी मर्क्युरी झाला. या नामांतराकडे त्या वेळच्या ब्रिटनची पार्श्वभूमी विसरून पाहता येणार नाही. केनियातून येणाऱ्या हिंदी वंशाच्या लोकांना अडविण्यासाठी ब्रिटिश संसदेने १९६८ च्या प्रारंभी घाईघाईने कायदा केला होता आणि त्याच वर्षी एनॉक पॉवेल यांनी परदेशी स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणारे भाषण केले होते. अशा देशात रॉक गाण्यासाठी उभ्या राहणाऱ्या तरुणाला झांजिबारचा जन्म आणि पारशी आडनाव ही अडचण वाटली असल्यास नवल नाही. मुलाखतींतून तो बालपणाविषयी फारसे बोलत नसे आणि प्रश्न आलाच तर तो हसून टाळीत असे.

तथापि केवळ भीतीपोटीच त्याने नाव टाकले, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. रंगमंचासाठी नवे नाव घेण्याची परंपरा जुनी आहे. युसूफ खान यांचे दिलीपकुमार झाले म्हणून त्यांनी आपले मूळ नाकारले, असे कोणी म्हणत नाही. मर्क्युरीला स्वतःची मूर्ती स्वतः घडवायची होती. बँडचे ‘क्वीन’ हे नाव त्याने सुचविले, त्याचे बोधचिन्ह त्याने काढले. त्या बोधचिन्हात चौघांच्या राशींची प्रतीके आहेत आणि त्यांच्यावर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी आहे. राखेतून उठणाऱ्या त्या पक्ष्याचे नाव पुढे त्याच्या स्मारकाला मिळावे, हा योगायोगच म्हणावयाचा. घराशी मात्र त्याने संबंध तोडला नव्हता. आईवडील फेल्टममध्येच साधेपणाने राहत होते, आपला धर्म पाळीत होते, आणि मुलगा त्यांना भेटायला जात होता. बाहेरच्या जगाचा आणि या घराचा मेळ त्याने कधी घातला नाही, एवढेच.

आवाज आणि जनसमुदाय

त्याच्या गायनाविषयी बरेच लिहिले गेले आहे. २०१६ साली काही युरोपीय संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा शास्त्रीय अभ्यास केला. त्याचा बोलण्याचा आवाज पुरुषी खालच्या पट्टीतला, बॅरिटोन जातीचा, असावा आणि गाताना तो त्यापेक्षा बराच उंच चढत असे, असे त्यांना आढळले. त्याच्या सुरातील कंपही सामान्य गायकांहून अधिक द्रुत आणि काहीसा अनियमित होता. श्रोत्यांना जाणवणारी त्या आवाजातील थरथर कल्पनेतली नव्हती.

१९७५ सालचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्याचे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे आहे. रेडिओवर एवढे लांब गाणे कोण वाजविणार, अशी शंका व्यक्त झाली होती. त्यात ध्रुपद नाही, एका गाण्यात करुण गीत, ऑपेरा आणि रॉक असे तीन प्रकार एकामागून एक येतात. ते नऊ आठवडे ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी राहिले. १९८७-८८ मध्ये त्याने स्पेनच्या थोर ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्याबरोबर गाऊन आपल्या चाहत्यांना पुन्हा चकित केले. त्यांनी बार्सिलोना नगरीवर गायिलेले गीत १९९२ च्या तेथील ऑलिंपिकशी जोडले गेले. तोवर दोघांतील एकच स्वर जिवंत उरला होता.

परंतु त्याचे खरे सामर्थ्य प्रत्यक्ष जनसमुदायासमोर दिसे. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ हा भव्य कार्यक्रम झाला. ‘क्वीन’ला सुमारे वीस मिनिटे मिळाली होती. मर्क्युरीने मध्येच गाणे थांबविले आणि शब्दांवाचून केवळ स्वरांच्या लकेरी घेऊन त्या सत्तर हजारांहून अधिक लोकांकडून परत म्हणवून घेतल्या. उत्तम कीर्तनकार पूर्वरंग संपवून सभेकडून नामघोष करवून घेतो, तेव्हा श्रोता आणि वक्ता हा भेद क्षणभर उरत नाही. त्या संध्याकाळी वेम्ब्लीवर झाले ते याच जातीचे होते. मंचावर इतका मोकळा असणारा हा माणूस मंचाखाली अत्यंत लाजाळू होता, असे त्याला जवळून ओळखणाऱ्या सर्वांनी सांगितले आहे. त्या लाजाळूपणाची कठोर कसोटी लवकरच लागणार होती.

बंद दाराआडचा आजार

१९८७ साली त्याच्या आजाराचे निदान झाले. त्या काळात या निदानाचा अर्थ काय होता, हे आजच्या तरुण वाचकाला समजावून सांगावे लागेल. एड्सची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. विषाणू १९८३ मध्ये सापडला. पहिले औषध १९८७ मध्ये मंजूर झाले आणि तेही अपुरे होते. अनेक औषधे एकत्र देऊन विषाणूला आवर घालण्याची उपचारपद्धती प्रचारात आली ती १९९६ च्या सुमारास. मधल्या काळात रोगाहूनही रोगाविषयीचा धाक मोठा होता. समलिंगी पुरुषांत तो प्रथम आढळला म्हणून तो त्यांच्या पापाचे फळ आहे, असे उघड लिहिले व बोलले जात होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ पासून प्रौढांमधील समलिंगी संबंध खाजगीत गुन्हा राहिले नव्हते. परंतु १९८८ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करू नये असा कायदा केला. यावरून समाजाचे मन कळते.

आपल्याकडेही चित्र निराळे नव्हते. १९८६ साली मद्रासमध्ये भारतातील पहिल्या एचआयव्ही बाधितांचा शोध लागला. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या रक्तात, तो रक्तदान करीत असल्यामुळे, हा विषाणू आढळला. त्याला गुन्हेगाराप्रमाणे पकडून एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात, पोलिसांच्या पहाऱ्यात, ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. परोपकाराच्या बुद्धीने रक्त द्यायला गेलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावे! डिसूझा यांनी पुढे आपल्यासारख्यांसाठी संस्था उभारली आणि मे १९९२ मध्ये, मर्क्युरीनंतर सहा महिन्यांनी, त्यांचा मृत्यू झाला. आजाराचे नाव उघड होणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

अशा वातावरणात मर्क्युरीने मौन पत्करले. बँडमधील सहकारी, त्याचा जोडीदार जिम हटन, एके काळची प्रेयसी व अखेरपर्यंतची मैत्रीण मेरी ऑस्टिन आणि मोजके स्नेही यांनी ते सांभाळले. ब्रिटनची सनसनाटी वृत्तपत्रे त्याच्या घराबाहेर तळ ठोकून होती आणि त्याच्या खंगत चाललेल्या चेहऱ्याची छायाचित्रे छापीत होती. आत तो काम करीत होता. मे १९९१ मध्ये, पायावर धड उभे राहवत नसताना, त्याने शेवटचे चित्रीकरण केले. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत तो जमेल तेवढे गाऊन ठेवी. उरलेले साथीदारांनी नंतर पुरे करावे, अशी योजना होती. ‘मदर लव्ह’ या गाण्याचे अखेरचे कडवे गाण्यासाठी तो परत येऊ शकला नाही. ते ब्रायन मेने गायिले. हे ध्वनिमुद्रण १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ या संग्रहातून प्रसिद्ध झाले.

त्याने आधी बोलायला हवे होते, अशी टीका तेव्हा झाली आणि अधूनमधून आजही होते. तिच्यात तथ्यांश आहे. त्याच नोव्हेंबरच्या ७ तारखेला अमेरिकेतील बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने आपल्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे पत्रकारांसमोर स्वतः सांगितले होते आणि त्या एका घोषणेने असंख्य लोक चाचणी करून घ्यायला पुढे आले. मर्क्युरी चार वर्षे आधी बोलला असता तर कितीतरी भयभीत तरुणांना धीर मिळाला असता. परंतु आजाऱ्याने आपल्या आजाराला सार्वजनिक कार्याचे साधन बनवावे, अशी अपेक्षा ठेवता येते. सक्ती करता येत नाही. जॉन्सनचे धैर्य हे धैर्य होते, म्हणून मर्क्युरीचे मौन हा भ्याडपणा ठरत नाही. भारताच्या संसदेने २०१७ मध्ये केलेल्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून, न्यायालयाचा आदेश वा कायद्याने नेमून दिलेले अपवाद सोडले तर, त्याची बाधा उघड करण्यास मनाई केली आहे. म्हणजे मर्क्युरीने जे दार बंद केले होते, ते बंद ठेवण्याचा रुग्णाचा अधिकार आता कायद्यानेच मानला आहे.

स्मृतीचे अनेक धनी

२७ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या आणि त्याच्या देहाला अग्नी देण्यात आला. ज्या धर्माविषयी तो चाहत्यांशी क्वचितच बोलला, त्याच धर्माच्या मंत्रांनी त्याला निरोप मिळाला. अस्थी कोठे ठेवाव्यात हे त्याने केवळ मेरी ऑस्टिनला सांगितले होते आणि ते गुपित तिने फोडलेले नाही. समाधी नसलेल्या या माणसाच्या आठवणीला मग जगभर निरनिराळी ठिकाणे मिळत गेली.

पहिली आठवण गाण्याचीच होती. डिसेंबर १९९१ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा बाजारात आले, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याच्या विक्रीतून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाली. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीवरच ७२ हजार लोकांच्या उपस्थितीत श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. डेव्हिड बोवी, एल्टन जॉन, जॉर्ज मायकेल असे नामवंत गायिले आणि एलिझाबेथ टेलर यांनी त्या तरुण श्रोत्यांना एड्सपासून स्वतःला वाचविण्याचा उपदेश केला. त्यातूनच ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. ती आजवर अनेक देशांतील एड्सविरोधी कार्याला साहाय्य करीत आली आहे. शोकसभा ही बहुधा शोकापाशीच थांबते. ही सभा पुढे गेली, हे तिचे वैशिष्ट्य.

मग पुतळा आला. तो लंडनमध्ये नव्हे, तर माँत्रोच्या सरोवराकाठी, १९९६ मध्ये उभारला गेला. फेल्टमच्या छोट्या घरावर २०१६ मध्ये निळी स्मृतिफलकिका लागली. झांजिबारमध्ये २००६ साली त्याच्या साठाव्या जयंतीचा सोहळा ठरला होता. परंतु त्याच्या समलिंगी जीवनाचे कारण पुढे करून एका धार्मिक गटाने विरोध केला आणि तो रद्द झाला. त्याच झांजिबारच्या जुन्या नगरात २०१९ मध्ये त्याचे संग्रहालय उघडले. २०१८ मध्ये त्याच्या जीवनावर निघालेला चित्रपट कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि त्यातील प्रमुख नटाला ऑस्कर मिळाले. पण सोयीची आठवण म्हणजे काय, ते याच चित्रपटात पाहावयास मिळते. निदान सामान्यतः १९८७ चे मानले जात असताना, नाट्य रंगविण्यासाठी तो आपला आजार ‘लाइव्ह एड’पूर्वीच, १९८५ मध्ये, सहकाऱ्यांना सांगतो असे त्यात दाखविले आहे. चीनमध्ये तर तो चित्रपट समलिंगी जीवनाचे प्रसंग कापून दाखविण्यात आला. ज्याच्या स्मृतीसाठी लोक तिकिटे काढून आले होते, त्याचेच आयुष्य त्यांच्यापासून कात्रीने दूर ठेवले गेले.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या घरातील वस्तूंचा लंडनमध्ये लिलाव झाला. तत्पूर्वी भरलेले प्रदर्शन सुमारे १ लाख ४० हजार लोकांनी पाहिले. लिलावातून सुमारे चार कोटी पौंड आले. त्याचा पियानो सतरा लाख पौंडांच्या वर गेला. बागेच्या भिंतीतील हिरवे दार, ज्यावर वर्षानुवर्षे अनोळखी चाहत्यांनी प्रेमाचे संदेश लिहिले होते, तेही चार लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. त्या रकमेचा काही भाग एड्सविरोधी संस्थांना गेला, ही त्यातील समाधानाची बाब. तरी हजारो हातांनी लिहिलेले ते दार कोणा एकाच्या मालकीचे व्हावे, यात काहीतरी खटकते. पियानो विकत घेता येतो. दारावरच्या अक्षरांत ज्यांचा जीव अडकला होता त्यांना मात्र त्या सौद्यात कोणी विचारले नाही.

पाचगणीचे देणे

अशा रीतीने झांजिबार म्हणते तो आमचा, लंडन म्हणते आमचा, पारशी समाजाला त्याचा अभिमान वाटतो, समलिंगी चळवळीला तो आपला वाटतो. महाराष्ट्रातही पाचगणीच्या नावाबरोबर त्याचे नाव घेतले जाऊ लागले आहे, आणि त्यात गैर काही नाही. त्याची बोटे पियानोवर वळली ती सह्याद्रीच्या त्या पठारावर, हे सत्यच आहे. परंतु हक्क सांगणाऱ्याने हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. त्याची कीर्ती आमची, पण त्याचे प्रेम आणि त्याचा आजार मात्र परदेशचा, असा व्यवहार करता येणार नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा या देशात मर्क्युरीच्या शाळकरी दिवसांत होता आणि पुढेही अर्धशतकाहून अधिक काळ राहिला. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीपुरता तो रद्द केला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी. फरोख बुलसारा पाचगणीत वा मुंबईतच राहिला असता तर त्याला अधिकच खोल मौन पाळावे लागले असते, हे विसरून त्याला ‘आपला’ म्हणणे हा भाबडेपणा होईल.

पाचगणीला या बाबतीत आणखी एक इतिहास आहे आणि तोही जुना आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॉ. बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी तेथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. त्या काळी क्षयाचे नाव घरात मोठ्याने उच्चारीत नसत. लग्नाची मुलगी घरात असली तर आजाऱ्याला गुपचूप ‘हवा पालटायला’ पाठवीत आणि शेजाऱ्यांना काही निराळेच सांगत. मराठी मध्यमवर्गातील किती कुटुंबांनी अशी गुपिते पोटात ठेवली असतील! पुढे औषधे आली, क्षय बरा होऊ लागला आणि त्याच्या नावाची दहशत ओसरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेच बेल-एअर रुग्णालय एचआयव्ही बाधितांच्या शुश्रूषेसाठी महाराष्ट्रात ओळखले जाऊ लागले. गावोगावी घरातून बाहेर काढलेल्या, सासर-माहेर दोन्ही तुटलेल्या माणसांना तेथे खाट मिळाली. ज्या गावात लंडनच्या त्या गायकाचे बालपण गेले, त्याच गावात त्याच्याच आजाराच्या, त्याच्यासारखे नाव नसलेल्या रुग्णांवर उपचार झाले, ही गोष्ट पाचगणीच्या प्रवाशांना दाखविण्याच्या स्थळांत सहसा येत नाही.

आज एचआयव्हीची बाधा म्हणजे मृत्युदंड नव्हे. वेळेवर चाचणी झाली आणि औषधे नियमित घेतली तर बाधित माणूस जवळपास सर्वसामान्य आयुष्य जगू शकतो. उपचारांनी रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत आढळणार नाही इतके खाली राहिले तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला रोग देतही नाही. औषध सापडले आहे; धाक मात्र पुरता गेलेला नाही. शाळेत बाधित मुलाशेजारी बसायला आपल्या मुलाला नको म्हणणारे पालक, आणि कचेरीत एखाद्याच्या रजेच्या अर्जावरून कुजबुज करणारे सहकारी अजूनही आढळतात. शिक्षकाने वर्गात आणि कारकुनाने आपल्या टेबलाशी ही कुजबुज थांबविली, तर मर्क्युरीला त्याहून वेगळ्या स्मारकाची गरज उरणार नाही.

त्याच्या स्मृतीवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर जन्मदाखल्यात किंवा शाळेच्या हजेरीपटात मिळणार नाही. ज्यांना तो माणूस सगळाच्या सगळा चालतो, फरोख म्हणून आणि फ्रेडी म्हणून, गाणारा म्हणून आणि आजारी म्हणून, त्यांचा त्या स्मृतीवर हक्क आहे. त्याने मृत्यूच्या आदल्या दिवशी जे सांगितले ते सांगायला त्याला चार वर्षे लागली. यापुढे कोणाला ते सांगायचे असेल तर एवढा काळ वाट पाहावी लागू नये, आणि कोणाला सांगायचेच नसेल तर त्याचे दार कोणी ठोठावू नये.